बहिऱ्या, घाबरट कुत्रीला खुणा कशा शिकवायच्या? मदत हवी आहे

घाटपायथा:
नमस्कार. आमची बुंदी दोन्ही कानांनी ठार बहिरी आहे. अशा कुत्र्यांना हाताच्या खुणांनी शिकवतात हे कळल्यावर व्हिडिओ पाहून सुरुवात केली. बस, थांब, ये, एवढंच. दाखवतात अगदी तसंच करतेय. हात सरळ वर, तळवा तिच्याकडे. शिकणं लांबच राहिलं, हात वर गेला की ती जमिनीला चिकटते, तिथेच शू करते, नाहीतर पलंगाखाली जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. त्यात काल आईंवर गेली. तिला ठेवायचं की नाही यावरून घरात दोन तट पडलेत आणि रविवारी नणंद येणार आहे, तोवर काहीतरी ठरवायचंय. "प्रेम द्या, वेळ द्या" कृपया सांगू नका, दोन्ही देतेय. खुणा नेमक्या कशा शिकवायच्या ते सांगा.

चिंचेचं झाड:
ताई, जात कोणती? वय? कधीपासून तुमच्याकडे आहे? बहिरी आहे हे कोणी ठरवलं? आणि "आईंवर गेली" म्हणजे भुंकली, गुरगुरली की दात लागले? याची उत्तरं दिल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

टॉमीची आई:
आमचा टॉमी पण अस्साच घाबरट! दिवाळीत मी त्याच्या कानात कापूस घालते, खिडक्या बंद करते आणि टीव्ही मोठ्याने लावते. आवाजात आवाज मिसळला की तो शांत होतो. करून पाहा, खूप फरक पडेल.

घाटपायथा:
@टॉमीची आई, तिला ऐकूच येत नाही हो.
@चिंचेचं झाड, डाल्मेशियन आहे. दीड-दोन वर्षांची असावी. गणपतीनंतर आणली. बहिरी नक्कीच आहे, पाठीमागे स्टीलचं ताट पडलं तरी कान हलत नाही, इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आईंच्या मनगटाला दात लागले. दोन बारीक खुणा, थोडं रक्त. हळद लावली आहे. आता खुणांबद्दल बोलू या का?

पांजरपोळ:
नाही, आधी हे. मी पशुवैद्य आहे. रक्त आलं म्हणजे जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीची धरतात. हळद धुऊन टाका, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा, आणि आजच्या आज सिव्हिलला जा. रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायचं का ते तिथले डॉक्टर ठरवतील. बुंदीला लस दिल्याचा कागद आहे का? कागद असो वा नसो, पुढचे दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा, तिला कुठेही पाठवू नका. ती आजारी वाटली तर लगेच कळवा. आणि सासूबाईंना "पाळलेलीच आहे, काही होत नाही" असं कोणी म्हटलं तर ऐकू देऊ नका.

अप्पा कऱ्हाडकर:
डॉक्टरांचं बरोबर. लस घ्याच. पण मूळ दुखणं वेगळं आहे. कुत्र्याला धाक लागतो. आमच्या शेतावर आयुष्यभर कुत्री आहेत, एकानेही घरच्या माणसाला दात लावला नाही. दात दाखवला की जागच्या जागी मान धरून खाली दाबायचं. एकदा कळलं की पुन्हा करत नाही.

रानजाई:
अप्पा, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगते, हा सल्ला या कुत्रीला देऊ नका. ती आधीच जमिनीला चिकटून शू करते आहे. याहून किती खाली दाबणार? गुरगुरणं ही तिची सूचना आहे. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी सूचना न देता चावेल.

पिंपरीचा पंकज:
व्हायब्रेशनचा पट्टा घ्या. रिमोटचं बटण दाबलं की गळ्याशी थरथर होते, बहिऱ्या कुत्र्याला हाक मारायचा तोच एक मार्ग. ऑनलाइन मिळतो. हातवारे वगैरे जुनं झालं.

रानजाई:
पंकज, थरथरीचा पट्टा चांगला आहे, पण आत्ता नाही. घाबरलेल्या कुत्रीच्या गळ्याशी अचानक काहीतरी थरथरलं तर ती आणखी उधळेल. आधी थरथर आणि लगेच खाऊ, असं बसल्या जागी पुष्कळ दिवस करावं लागतं, तेव्हा कुठे ती हाक होते. आणि घेताना नीट बघून घ्या, बरेच पट्टे शॉक देणारेही असतात.

घाटपायथाताई, माझ्याकडे बहिरा कुत्रा होता, साधा गावठी, पांढरा. म्हणून विचारते. तुमच्याकडे यायच्या आधी बुंदी कुठे होती? ती झोपते कुठे? चावली तेव्हा झोपलेली होती का, आणि आई कुठल्या बाजूने आल्या?

घाटपायथा:
सिव्हिलला जाऊन आलो. लस झाली, जखमेत पण इंजेक्शन दिलं. लसीचा कागद नाही, आधीचे मालक नुसतं तोंडी म्हणाले होते.
बुंदी वाईकडच्या एका फार्महाऊसवर होती. राखणीला ठेवली होती. गाडी आली, माणूस आला तरी उठायची नाही, म्हणून गडी काठीने, चपलेने मारायचे असं शेजारच्यांनी सांगितलं. तिला ऐकू येत नाही हे तिथे कोणाच्या लक्षातच आलं नाही.
झोपते बेडरूम आणि बाथरूमच्या मधल्या बोळात, तिला तिथेच गार वाटतं. आई पहाटे उठून बाथरूमला निघाल्या, अंधार होता, ती वाटेत आडवी, म्हणून त्यांनी वाकून तिला हलवलं. पण याचा खुणांशी काय संबंध?

रानजाई:
फार संबंध आहे ताई. तुम्ही शेवटी सांगितलंत तेच पहिलं होतं.

तिच्या जगात वर गेलेला हात म्हणजे मार. आणि बहिऱ्या कुत्र्याशी बोलायला आपल्याकडे हाताशिवाय दुसरं काय आहे? ज्या हाताने शिकवायचं त्याच हाताची तिला दहशत. तुम्ही "बस" म्हणून हात उचलता, तिला त्यात चप्पल दिसते. ती हट्टी नाही, मंदही नाही. ती तुमची खूण नीट वाचते आहे, फक्त तिचा अर्थ जुन्या घरातला आहे.

म्हणून पहिले काही आठवडे बस-थांब-ये सगळं बंद. हात म्हणजे खाऊ, एवढंच तिला कळू द्या. जमिनीवर बसा, तिच्याकडे तोंड न करता, एका बाजूला वळून. हात कमरेच्या खाली, सावकाश, आणि खाऊ तळव्यातून खाली टाका. डोक्यावरून हात नेऊ नका, वाकू नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. तिने खाऊन मागे सरायचं म्हटलं तर सरू द्या. पलंगाखाली गेली तर ओढून काढायचं नाही. तिथून तिला बाहेरचं दिसतंय ना, मग तिला तिथे बसायचा हक्क आहे.

हात पाहून ती पुढे यायला लागली की शाबासकीची खूण ठरवा. अंगठा, छातीपेक्षा खाली. अंगठा दाखवला की लगेच खाऊ. तिने काही करायची गरज नाही. अंगठा, खाऊ. अंगठा, खाऊ. अंगठा दिसताच ती खाऊसाठी तोंड वळवायला लागली की समजा भाषा सुरू झाली. मग ती आपणहून तुमच्याकडे बघेल तेव्हा अंगठा आणि खाऊ. हे सगळ्यात मोलाचं आहे. तिला हाक मारता येत नाही, म्हणजे तिलाच सारखं तुमच्याकडे बघायची सवय लागायला हवी.

खुणा त्यानंतर, आणि सगळ्या पोटाच्या उंचीवर. बसायला मूठ पोटाशी, यायला दोन्ही हात आपल्या मांड्यांवर. घरातल्या प्रत्येकाने तीच खूण करायची, नाहीतर ती गोंधळते. आणि तोंडाने बोलायचं बंद करू नका. आपण बोलताना चेहरा बोलतो, ती तो वाचते.

झोपायची जागा आजच बदला. दोन बाजूंना भिंत, समोर दार दिसेल, आणि कोणी ओलांडून जाणार नाही असा कोपरा. बोळात रात्रीचा छोटा दिवा लावा. झोपलेली असताना तिला कोणी हात लावायचा नाही. उठवणं भागच असेल तर समोरून येऊन नाकाशी खाऊ धरायचा, वासाने उठते. जागी असताना खांद्याला हलकेच बोट लावून लगेच खाऊ, हेही रोज करा, म्हणजे पुढेमागे कोणाचा चुकून धक्का लागला तरी ती आधी खाऊ शोधेल. खाऊ म्हणून उकडलेली कोंबडीची काळीज-कलेजी ठेवा, त्यापुढे कुठलंही कुत्रं टिकत नाही.

पांजरपोळ:
रानजाईंच्या सगळ्याला अनुमोदन, कलेजी सोडून! डाल्मेशियन आहे ती. या जातीत युरिक ॲसिड इतर कुत्र्यांसारखं पुढे विघटित होत नाही, ते लघवीतून जातं आणि त्याचे खडे होतात. कलेजी, किडनी, बांगड्या-तारलीसारखे मासे टाळा. उकडलेलं अंडं, पनीर, गाजर, काकडी चालेल. पाणी भरपूर. आणि ती जी शू करते ती भीतीचीच आहे ना, का एरवीही थेंबथेंब करते? एकदा लघवी तपासून घ्या. दुखत असेल तरी कुत्रं अंगावर येतं.

रानजाई:
हे मला माहीत नव्हतं. ताई, कलेजी नको. पनीर द्या.

घाटपायथा:
कलेजीच देत होते. बंद करते. एरवी शू नीट करते.

सह्यगिरी:
डाल्मेशियन मुळात घोडागाडीबरोबर पळणारं कुत्रं, इंग्लंडात त्यासाठीच पाळत. फ्लॅटमध्ये कोंडलं तर बिथरणारच. रोज पहाटे मोकळ्या मैदानात पट्टा सोडून पळवा, निम्मं दुखणं जाईल.

चिंचेचं झाड:
पट्टा सोडून?? गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, हाक ऐकू येत नाही, आणि घाबरली की पळत सुटणार. बहिऱ्या कुत्र्याला उघड्यावर कधीही मोकळं सोडायचं नाही. दहा मीटरची लांब दोरी मिळते, ती लावून मैदानात पळू दे. आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा. घाबरलेलं कुत्रं मागे रेटून पट्ट्यातून डोकं काढतं. बिल्ल्यावर फोन नंबर आणि "बहिरी आहे" एवढं लिहा.

सह्यगिरी:
दोरी चालेल. पळू द्या म्हणजे झालं.

अप्पा कऱ्हाडकर:
मारलेली कुत्री आहे हे आधी सांगितलं असतं तर मी तसं लिहिलं नसतं. आमच्याकडे एक मार खाऊन आलेलं कुत्रं दुसऱ्या कुत्र्याच्या संगतीने सुधारलं. ते उठलं की हे उठायचं, ते मालकाकडे गेलं की हे मागोमाग. बहिरीला तर दुसऱ्याकडे बघून सगळंच कळेल. एखादं शांत गावठी पिल्लू आणा.

रानजाई:
अप्पा, हे खरं आहे, माझाही दुसऱ्या कुत्र्याकडे बघून दाराशी जायचा. पण घरात आधीच वाद आहे, सासूबाईंची जखम ओली आहे. आत्ता पिल्लू नको. ओळखीत कोणाचं शांत, मोठं कुत्रं असेल तर त्याच्यासोबत फिरायला न्या.

निवांत:
पण जन्मतः बहिरी कशी? औषध, ऑपरेशन काही नाही का?

पांजरपोळ:
पांढऱ्या कातडीशी जोडलेलं बहिरेपण आहे. कानाच्या आतल्या शंखात ज्या रंगपेशी लागतात त्याच नसतात, आणि पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होईतो तिथला भाग निकामी होतो. अमेरिकेतल्या तपासण्यांत डाल्मेशियनमध्ये शंभरातली तीसएक एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली, दोन्ही कानांनी आठेक. औषध नाही. ऐकू येतं का हे बघायला नवजात बाळांची जी बेरा चाचणी करतात तीच कुत्र्यांची होते, पण सगळीकडे सोय नसते. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथे दाखवा, लघवीची तपासणी तिथेच होईल, बुंदीला लस कधी द्यायची तेही तिथेच विचारा. भीतीवर गोळ्याही असतात, पण त्या पशुवैद्याने तपासून दिलेल्याच, माणसांच्या घरी पडलेल्या नाहीत.

टॉमीची आई:
म्हणजे दिवाळीत बहिऱ्या कुत्र्यांना त्रासच नाही? किती बरं.

पांजरपोळ:
असतो. बॉम्बचा हादरा जमिनीतून कळतो आणि उजेडाचा भपकारा दिसतो. पडदे ओढा, घरात दिवा लावून ठेवा.

घाटपायथा:
आज शिरवळला जाऊन आलो. लस दिली, लघवी ठीक आहे. अंथरूण हॉलच्या कोपऱ्यात नेलं, बोळात दिवा लावला. पहिल्या रात्री पुन्हा बोळातच येऊन झोपली, फरशी गार लागते म्हणून, मग कोपऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा टाकला. आता तिथे झोपते. मी जमिनीवर बसून पनीर टाकते. हात खाली असला तर जवळ येते, अगदी मांडीपर्यंत. अंगठा अजून कळलेला नाही.
नणंदेला सांगितलंय की रविवारी बुंदी कुठेही जाणार नाही.
एक अडचण आहे. आईंना तिला खाऊ द्यायचाय, त्यांच्या मनात राग नाही. पण त्यांच्या हातात काठी असते, गुडघ्यांमुळे. काठी दिसली की बुंदी पळते. काय करू?

रानजाई:
काठी लपवू नका, ती घरात राहणारच आहे. आई खुर्चीत नसताना काठी जमिनीवर आडवी ठेवा, आसपास पनीर टाका, आणि तुम्ही लांब बसा. ती काठीच्या जवळचं खाऊ लागली की काठी भिंतीला टेकवून उभी. मग आई खुर्चीत आणि काठी मांडीवर, त्यांनी खाऊ लांब टाकायचा, रोज थोडा जवळ. चालत्या काठीची पाळी सगळ्यात शेवटी. आणि आईंना सांगा, वाकून द्यायचं नाही, बसूनच.

घाटपायथा:
काठी ठेवली आहे फरशीवर. लांबून वास घेते आहे. आईंचा पुढचा डोस परवा, जाऊन आले की लिहिते.