जेरोमला मुक्काम करावा की कॉटनवूडला?

मंडळी, नमस्कार.
ऑक्टोबरात आम्ही चौघं अ‍ॅरिझोनातल्या प्रेस्कॉटहून सायकलने सेडोनाला निघतोय, ८९-ए रस्त्याने, मिंगस डोंगर ओलांडून. पहिली रात्र डोंगरउतारावरच्या जेरोम गावात काढावी की आणखी उतरून कॉटनवूडला? जेरोम तासाभरात बघून होतं, असं ऐकलंय. कुणी राहिलंय का तिथे?
— टेंपीहून

ताई, जेरोमलाच राहा.
आधी हातापायांचा विचार करा. खिंड ७,०२३ फुटांवर आहे आणि तिथून जेरोमपर्यंत जवळजवळ दोन हजार फूट सलग उतार, वळणामागून वळण. वरंधा घाट सायकलने उतरला असाल तर अंदाज येईल. ब्रेक दाबून बोटं आखडतात. त्यानंतर कॉटनवूडपर्यंत पुन्हा सतराशे फूट उतरायचं, तेही संध्याकाळी परतणाऱ्या गाड्यांमधून. ते सकाळवर टाका. घाटात दुकान नाही, पाणी प्रेस्कॉट व्हॅलीतच भरा.

तासाभरात बघून होतं ते दुकानांचं जेरोम. दिवसभराचे पर्यटक खाली गेले की गाव मोकळं होतं. आम्ही सायकली खोलीत ठेवून नुसते हिंडलो. घरं इतक्या उभ्या उतारावर, की खालच्याचं छप्पर वरच्याच्या अंगणाला लागतं. समोर व्हर्डे खोरं, पलीकडे सेडोनाचे लाल कडे, त्याही मागे फ्लॅगस्टाफची शिखरं. उद्याची अख्खी वाट आदल्या संध्याकाळीच दिसते! जुना तुरुंगही बघा, मूळ जागेपासून सव्वादोनशे फूट घसरत आलाय.

मला त्या गावाबद्दल फार आदर वाटतो. १९२०च्या दशकात तिथे दहा हजारांवर वस्ती होती. १९५३मध्ये तिथली तांब्याची खाण बंद पडली आणि शंभरेक माणसं उरली. त्यांनी गाव सोडलं नाही. पुढे कलाकार आले, पडकी घरं दुरुस्त करून राहिले. जुन्या हायस्कुलात आज त्यांचे स्टुडिओ आहेत. आताही वस्ती पाचशेच्या आतच. आपले जेवणाचे, खोलीचे पैसे अशा गावात खर्च व्हावेत, असं मनापासून वाटतं.
— चँडलरहून

तुरुंग का घसरला ते सांगतो, मी खाणकामातच नोकरी केली. तिथलं तांब्याचं खनिज गंधकाने भरलेलं. १८९४पासून खाणीत आगी लागत गेल्या आणि वर्षानुवर्षं धुमसत राहिल्या. शेवटी वरून उघडी खाण खोदावी लागली, म्हणजे गावाशेजारीच मोठमोठे सुरुंग. तांबं गाळायच्या भट्ट्यांच्या धुराने डोंगरावरची झाडी आधीच मेलेली, माती धरायला मुळं नाहीत. शिवाय गावाखालून भूस्तरभंग, म्हणजे खडकांमधली मोठी भेग जाते. जमीन सरकली ती अशी. १९२७चं खाण कंपनीचं रुग्णालय मात्र भक्कम काँक्रीटचं, ते जागचं हललं नाही. १९५०मध्ये बंद पडलं, आता तिथे हॉटेल आहे. मुली, जमलं तर तिथेच राहा.
— मेसाहून, काका

दादा, काका, खूप आभार. ठरलं, जेरोमच. शनिवार टाळून गुरुवारी निघतोय, म्हणजे खोल्या मिळायला सोपं जाईल. सायकली आत ठेवू देतात का, ते उद्या हॉटेलला फोन करून विचारते. कॉटनवूड ते सेडोना रस्त्याला कडेची पट्टी पुरेशी रुंद आहे का, हेही कुणी गेलं असेल तर कळवा.