मदत हवी आहे: अ‍ॅक्रेलिक वाकवताना बुडबुडे येतायत

तुर्भे_रायडर
बाईकची विंडशील्ड घरीच करतोय. हीट गननं शीट वाकवली की वळणावर पांढरे बुडबुडे येतात आणि कडा वाकड्यातिकड्या होतात. शनिवारी माळशेजला जायचंय, त्याआधी काम व्हायला हवं. काय चुकतंय? ‘विकत घे’ सांगू नका, तयार मिळणारी एकही मला हव्या त्या वळणाची नाही.

घोडबंदरवाला
बाईक कुठली, शीट किती एमएमची, कास्ट (साच्यात ओतलेली) की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली), यातलं काहीच लिहिलेलं नाही. सांगणार काय?

ऐरोली_३५०
अ‍ॅक्रेलिक सोडाच. फुटलं तर धारदार तुकडे होतात आणि ते तुमच्या गळ्यासमोर असतात. पॉलिकार्बोनेट घ्या, ते थंडच वाकतं. वळणाची त्रिज्या जाडीच्या शंभरपट ठेवा, म्हणजे ३ एमएमला ३०० एमएम. भट्टी नको, गन नको.

तुर्भे_रायडर
क्लासिक ३५०. शीट ४ एमएम, दुकानांचे बोर्ड करणाऱ्याकडचा उरलेला तुकडा. कास्ट की काय ते त्यालाही सांगता येईना. पॉलिकार्बोनेट नकोय, शीट घरात आहे. बुडबुड्यांचं सांगा ना कुणीतरी.

खारघर_निवांत
उकळत्या पाण्यात बुडवा, मऊ पडते. शाळेच्या प्रोजेक्टला आम्ही असंच केलं होतं.

वागळे_कारागीर
पाण्यानं होणार नाही. पाणी १०० अंशांवर उकळतं आणि अ‍ॅक्रेलिक १०५ च्या आसपास कुठे नरमायला लागतं. शाळेतली ती शीट दुसऱ्या प्लॅस्टिकची असणार.

तुर्भेवाल्या भावा, गनच्या तोंडाशी हवा चारशे-पाचशे अंश असते. शीटला लागतात साधारण १५० ते १६०. वरचा थर जळायला येतो तरी आतलं कडकच, म्हणून तिथे बुडबुडे. कडांचंही तेच, अर्धी शीट गरम आणि अर्धी थंड असताना तू ती ओढतोयस. दुसरं म्हणजे शीट हवेतला ओलावा धरते आणि आपल्याकडचा पावसाळा तर बघतोसच. आधी दोन्ही बाजूंची फिल्म काढून ८० अंशांवर काही तास सुकव. मग अख्खी शीट ओव्हनमध्ये एकसारखी तापव आणि लोंबायला लागली की साच्यावर टाक. साचा प्लायच्या फासळ्या आणि वर पातळ पत्रा, त्यावर फलालीन ताणून लाव, नाहीतर पत्र्याचा प्रत्येक खड्डा काचेत दिसेल. जाड हातमोजे घालून कडा दाबून धर, हाताला सोसेल इतकी निवेपर्यंत सोडू नको. लवकर सोडलीस की उघडते.

कापताना भुगा कोरडा पडतो की वितळून ब्लेडला चिकटतो? चिकटत असेल तर एक्स्ट्रुडेड, ती आणखी जपून तापव.

कोपरखैरणेकर
घरच्या ओटीजीत चालेल का? अ‍ॅक्रेलिकवरचे बारीक ओरखडे मात्र टूथपेस्टनं घासून कमी होतात.

वागळे_कारागीर
ओटीजीत एवढी शीट मावणारच नाही. आणि ज्यात जेवण करता त्यात प्लॅस्टिक तापवू नका. वागळेत, तुर्भे-महापे एमआयडीसीत बोर्डाची कामं करणाऱ्यांना विचारा, ओव्हन असेल तर तासाभराचे पैसे घेऊन देतात.

ऐरोली_३५०
एवढा खटाटोप करून शेवटी फुटणारीच वस्तू हातात येणार.

घोडबंदरवाला
पॉलिकार्बोनेटला ओरखडे किती लवकर पडतात तेही सांगा. समोरून हेडलाइट आला की त्या ओरखड्यांवर सगळं फुलतं. कुठलंही घ्या, वरची कड डोळ्यांच्या रेषेखाली ठेवा. रस्ता काचेवरून दिसायला हवा, पावसात काचेतून काही दिसत नाही.

वागळे_कारागीर
हे बरोबर. आणि भोकं बोल्टपेक्षा मोठी, ६ एमएमच्या बोल्टला ८ चं, दोन्हीकडे रबर वॉशर. उन्हात शीट फुगते, घट्ट आवळलीस तर भोकापासून तडकते. ड्रिल बिटची धार थोडी मारून घे, नाहीतर शेवटी घुसताना तुकडाच उडवते. थिनर आणि पेट्रोलनं कधीही पुसू नको, बारीक तडे जातात.

तुर्भे_रायडर
भुगा चिकटतोच. म्हणजे एक्स्ट्रुडेड. शनिवारी बिनकाचेचा जातो, रविवारनंतर साचा करायला घेतो. फलालीन कुठे मिळेल?

घोडबंदरवाला
ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात बघा. अखंड तुकडा घ्या, शिवण मध्ये आली तर तिचा वळ काचेत उठतो.