मदत हवी आहे : प्रतिसरकारमधील कार्यकर्त्यावरील चित्रपटात शिक्षेचा प्रसंग ठेवावा का?

नमस्कार. आम्ही सांगलीतील काही हौशी रंगकर्मी, १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात इंग्रज राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारमधील एका भूमिगत कार्यकर्त्यावर सुमारे चाळीस मिनिटांचा चित्रपट करीत आहोत. (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्या वेळी साताऱ्यातच होता.) क्रांतिसिंह नाना पाटील किंवा जी. डी. बापू लाड यांच्याइतके हे गृहस्थ प्रसिद्ध नाहीत, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही.

त्यांच्या चिरंजीवांनी जुनी पत्रे मोकळेपणाने दिली, संमतीही दिली. अट मात्र एकच घातली. गावातील एका सावकाराला न्यायदान मंडळापुढे उभे करून त्याच्या तळपायांवर काठ्या मारल्या गेल्या, तो प्रसंग चित्रपटात नको. कारण विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्या घरात आमची पुतणी दिली आहे."

यावर मला उत्तर सुचले नाही. परंतु लोकांनी ज्या शिक्षेवरून या सरकारला 'पत्री सरकार' (पायाला पत्री, म्हणजे नाल, ठोकणारे सरकार) म्हटले असे सांगतात, तीच वगळली तर उरेल ती आरती. गोऱ्यांच्या कोर्टाची पायरी न चढता तंटे गावातच मिटविणे, सावकारी आणि दारूला आळा घालणे हे त्या चळवळीचे मोठे काम होते, आणि त्यामागे या शिक्षेचा धाकही होता. नाव, जात, गाव बदलून प्रसंग ठेवावा, असे आमच्या लेखकाचे मत आहे. पण तालुक्यात कोणालाही ओळख पटेल, ही माझी भीती आहे. मृत व्यक्तीवरील आरोपही, नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असल्यास, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी ठरू शकतो, एवढे मी वाचले आहे. आमचा तसा हेतू नाही, हे पटकथेतूनच दिसावे यासाठी काय करावे, हे कोणी वकील सांगू शकतील का?

दुसरी अडचण शेणोलीची. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाने, तेथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली, त्यात हे गृहस्थ होते असे घरचे सांगतात. पत्रांत मात्र त्याचा उल्लेख नाही. आमच्या भागात 'आजोबा शेणोलीला होते' असे सांगणारी घरे इतकी आहेत, की ती सर्व खरी मानली तर रुळांवर उभे राहायला जागा उरली नसती. तरीही पडद्यावर गाडीसारखे दृश्य दुसरे नाही, हा मोह मला आवरत नाही. नातवाला आजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट म्हणून ते दाखविले, तर तो प्रामाणिकपणा ठरेल की पळवाट?

चरित्रपटाचा किंवा दस्तऐवजी नाटकाचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे. पुढील महिन्यात पटकथा चिरंजीवांना वाचून दाखवायची आहे, आणि त्या वेळी ती पुतणीही माहेरी आलेली असेल.