प्रतिसाद: नुसती झाडांची नावं पाठ करून इंग्रजी येणार नाही

वर एकाने लिहिलंय की पोरांना शेतावर न्या, झाडं दाखवा आणि इंग्लिश नावं शिकवा. शेतावर न्या हे एकदम मान्य, पण नुसत्या नावांवर थांबलं तर काही उपयोग नाही हो. आपल्याकडे २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, मॅंगो ट्री, काऊ, रिव्हर सगळं पोरांना येतं. गाडी अडते ती क्रियापदावर.

कोकणातली भातशेतीच घ्या, राब भाजतात (म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात), बी पेरतात, रोपं उपटतात, चिखलणी करून लावणी करतात, आता यात पॅसिव्ह व्हॉइसचा अख्खा धडा आहे की, कारण इथे कोण करतं यापेक्षा काय केलं जातं आणि कशानंतर, हे महत्त्वाचं. द सीड इज सोन, द सीडलिंग्ज आर अपरूटेड, फर्स्ट, देन, आफ्टर दॅट. अर्थ पोरांना आधीच माहीत असतो त्यामुळे डोकं फक्त भाषेवर चालतं.

आणि टिटवी! इंग्रज पक्षीवाल्यांना तिचं ओरडणं 'डिड ही डू इट' असं ऐकू येतं. 'डिड ही डिड इट' असं चुकीचं म्हणणाऱ्या वर्गाला याहून चांगला मास्तर कुठून आणणार? (दगडगोट्यांत जमिनीवरच अंडी घालते, लांबूनच ऐकवा, उगाच जवळ जाऊ नका.)

पोळा, वारीवर मात्र निबंध नको, पाठ करून लिहितात सगळे. त्यापेक्षा आजोबांना बैलांबद्दल चार प्रश्न मराठीत विचारायला लावा आणि उत्तरं वर्गात इंग्रजीत सांगायला सांगा, चुका झाल्या तरी मध्ये टोकू नका.