बी.एस्सी. बायोच्या पोरांना रिसर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना

देसूरचा उंबर (धागाकर्ता)

काल इथं 'जांबोटी रोड' यांनी लिहिलं की आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात बी.एस्सी. बायो म्हणजे 'नीट' परीक्षा हुकलेल्यांची धर्मशाळा. त्या पोरांना पहिल्या वर्षापासून संशोधन करायला लावणं म्हणजे पोस्टर चिकटवून फोटो काढायचा धंदा. त्यापेक्षा त्यांना रक्त तपासायला शिकवा, चार पैसे तरी मिळतील. हे वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी तीच बी.एस्सी. केली. पहिली दोन वर्षं काय केलं? कांद्याच्या मुळाच्या स्लाईडवर मायटोसिस (पेशीविभाजन) शोधलं, सीनिअरच्या जर्नलवरून (प्रॅक्टिकलच्या वहीवरून) आकृत्या उतरवल्या, बाहेरचा परीक्षक येणार म्हणून स्पॉटर, म्हणजे ओळखायचे नमुने, पाठ केले. प्रत्येक प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच छापलेलं. आपलं वेगळं आलं तर खोडून पुस्तकातलं लिहायचं.

मग एका मॅडमनी विचारलं, "तुमच्या बांधावर उंबर आहे ना? आत किडे कुठून येतात बघितलंस काय कधी?" लहानपणापासून उंबर फोडून, फुंकून खाल्लेलं, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. कोवळ्या उंबरांवर मलमलच्या पिशव्या बांधल्या. पिशवीतली उंबरं पिवळी पडून गळाली, उघडी राहिलेली वाढली. ब्लेडनं फोडून भिंगाखाली धरलं की दिसायचं: चिलटाएवढी किड्याची मादी उंबराच्या तोंडाच्या भोकातून आत घुसताना पंख तुटून बाहेरच राहिलेले, आत ती परागकण देते, अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढं बिनपंखांचे नर आधी बाहेर पडतात, माद्यांशी मिलन करतात, उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि माद्या पराग घेऊन उडून जातात. हे पुस्तकात आहे, मान्य. पण आमच्या झाडाच्या काही फांद्यांवर तांबड्या मुंग्या होत्या आणि तिथल्या उंबरांत बाहेरून भोक पाडून अंडी घालणारे उपरे किडे कमी निघत होते. असं का, हे मॅडमनाही सांगता येईना. "मोजून काढ" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी मला विज्ञान कळायला लागलं. नंतर कळलं, बेंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) रेनी बोर्जेस यांच्या लॅबनं याच झाडावर वर्षानुवर्षं काम केलंय. सामान काय होतं माझ्याकडं? मलमल, ब्लेड, भिंग आणि वही.

खानापूर तालुक्यात पश्चिम घाट आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ १९१३ साली तिथूनच शास्त्राला माहीत झालं. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडेपर्यंत जगात फक्त आपल्याकडंच आहे असं समजत होते. असलं रान दारात असताना पोरांना चार भिंतींत जर्नल उतरवायला बसवायचं?

जांबोटी रोड

माझी पोस्ट तुम्ही अर्धीच वाचलीत. माझी मुलगी बी.एस्सी. मायक्रो झाली. तिच्या कॉलेजात 'रिसर्च प्रोजेक्ट' होता. पाच जणींत एक विषय, नेटवरून उचललेला, शहरातल्या दुकानातून बायंडिंग करून आणलेला. सर्टिफिकेट मिळालं. इंटरव्ह्यूला गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीत गेली तर विचारलं, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, लावता येतो काय? जंतू वाढवायचा मीडिया ओतता येतो काय? तिनं कधी हातानं लावलाच नव्हता, अटेंडर लावायचा. ती रात्री फोनवर रडली, ते मी ऐकलंय. तुमचं उंबर तिला काय देणार होतं?

देसूरचा उंबर

जे तुम्ही सांगताय ते संशोधन नव्हतंच, फसवणूक होती. आणि ऑटोक्लेव्ह सुद्धा खऱ्या प्रोजेक्टातच हाताखाली येतो. स्वतःची प्लेट कंटॅमिनेट झाली, नको ते जंतू वाढले, की आठवडा वाया जातो, मग माणूस निर्जंतुकीकरण विसरत नाही.

जुने_प्राणिशास्त्र

मी निवृत्त प्राध्यापक. धारवाड विद्यापीठाखाली होतो तेव्हापासून शिकवलंय, २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं तेही बघितलं. तुम्ही दोघंही मूळ दुखणं सोडून बोलताय. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१४ ला डिसेक्शन, म्हणजे प्राणी कापून बघणं, बंद केलं आणि प्राणिशास्त्राचा हात तुटला. मेणाच्या ट्रेमध्ये बेडूक टाचण्यांनी बसवायचा, कातडी न फाडता उचलायची, शिरेला कात्री न लागता हृदय मोकळं करायचं. सलाइनमध्ये ठेवलेलं हृदय कितीतरी वेळ धडधडत राहायचं. ते पाहून गप्प झालेला वर्ग मी पाहिलाय. आताची पोरं स्क्रीनवर बोट फिरवून बेडूक 'उघडतात'. त्यांच्याकडून कसलं संशोधन होणार?

पाऊसबेडूक

सर, आदर ठेवून बोलतो. मी चंदगडच्या हद्दीवरचा. तुमच्या ट्रेमधले बेडूक कुठनं यायचे? आमच्या भाताच्या खाचरातनं. पहिल्या पावसात पिवळेधमक नर ओरडायला लागले की पोती घेऊन माणसं उतरायची. थोडे कॉलेजला, बाकीचे गोव्याच्या हॉटेलात. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ ला बंद झाली, १९७२ च्या कायद्यात त्याला संरक्षण आहे, तरी पहिल्या पावसात टॉर्च फिरतातच. आमच्या ओढ्यावर आता पूर्वीसारखा आवाज नाही. वर्गात दर साली तेच हृदय, तेच उत्तर. त्यात शोधायचं काय राहिलं होतं?

जुने_प्राणिशास्त्र

कॉलेजच्या चार डझनांमुळं बेडूक संपले नाहीत. तणनाशकं आणि कीटकनाशकं ओतणाऱ्यांना विचारा.

पाऊसबेडूक

म्हणजे शेतकऱ्यावर ढकलायचं! कुठल्या औषधामुळं किती कमी झाले, कुणी मोजलंय आपल्या तालुक्यात? तुमच्या इतक्या वर्षांच्या वर्गांतला एक तरी विद्यार्थी खाचरावर पाठवला असता तर आज आकडा असता. पोरांना कापायला शिकवलंत, मोजायला नाही.

जुने_प्राणिशास्त्र

ही भाषा मी ऐकून घेणार नाही. एका हॉलमध्ये ऐंशी विद्यार्थी, मायक्रोस्कोप मोजके, अटेंडर एक. त्यात आम्ही जे केलं ते तुम्ही करून दाखवा, मग बोला.

शहापूरचा दादा

बेडूक पुरे. कर्नाटकानं २०२१-२२ ला चार वर्षांची डिग्री आणली आणि २०२४-२५ ला परत तीन वर्षांवर नेली. यूजीसीच्या नियमात चौथं वर्ष संशोधनाचं, पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असतील तर. इथं ते दारच बंद. शिवाजी विद्यापीठात जा, कोल्हापूर लांब नाही. महाराष्ट्र मागतोय त्या ८६५ गावांतल्या पोरांनी तिकडंच जावं, इथं कानडी पेपरात मार्क घालवण्यापेक्षा.

जांबोटी रोड

झालं, सीमाप्रश्न आलाच! कोल्हापूरच्या मेसचे पैसे तुम्ही भरणार काय?

शहापूरचा दादा

मराठी पोरांसाठी बोललो तर एवढं झोंबलं? तुमच्यासारख्यांमुळंच आपली पोरं इथं मागं राहिली.

देसूरचा उंबर

दादा, ते दुखणं खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. पण चौथ्या वर्षाच्या, हॉनर्सच्या सर्टिफिकेटवर अडून बसू नका. माझं उंबर तीन वर्षांच्या डिग्रीतच झालं. केंद्राची इन्स्पायर स्कॉलरशिप वर्षाला ८०,००० देते, त्यातले २०,००० उन्हाळ्यातल्या संशोधन प्रोजेक्टसाठीच असतात. म्हणजे बी.एस्सी.च्या पोरानं संशोधन करावं हे दिल्लीनंही धरलंय. बहुतेकांना बोर्डात वरच्या एक टक्क्यात यावं लागतं, ही अट जाचक आहे, ती मलाही मिळाली नव्हती.

निपाणी_बायो

मी सध्या दुसऱ्या वर्षाला. सगळे आमच्यासाठी भांडताय, पण आम्हाला कुणी विचारलं नाही. खानापूरचं रान सांगता. आमच्या घरी संध्याकाळी सातची एसटी चुकली तर फोन सुरू होतात. तळेवाडीला मला कोण पाठवणार? वर त्या बाजूला गोचिडांतनं माकडताप येतो. २०१६ ला दोडामार्गात माणसं आजारी पडली होती, आमच्या वहिनीचं माहेर तिकडं. घरचे तेच काढतात. आणि आम्हाला झूऑलॉजीला कायम सर नाहीतच. अतिथी व्याख्याते सेमच्या मध्यात येतात, पगार थकला की जातात. प्रोजेक्टला गाइड कोण?

मी तरी थांबले नाही. सोयाबीनवरच्या तंबाखूच्या अळ्या घरी प्लास्टिकच्या डब्यात एरंडाच्या पानावर वाढवते. काही अळ्यांतनं पतंग निघायच्या आधीच आत वाढलेल्या बारीक माश्या निघतात. पप्पांनी फवारलेल्या आणि न फवारलेल्या वाफ्यातल्या अळ्या वेगळ्या ठेवल्यात. आई रोज ओरडते.

देसूरचा उंबर

ताई, गाइड नाही म्हणता, पण फवारलेलं आणि न फवारलेलं वेगळं ठेवायचं हे तुम्ही स्वतः ठरवलंत. पुढच्या वेळी दोन्ही वाफ्यांतनं सारख्याच वयाच्या अळ्या उचला, नाहीतर तुलना फसेल. गोळा केल्याची तारीख प्रत्येक डब्यावर लिहा. मेलेल्या अळ्याही मोजा, त्या टाकून देऊ नका.

जांबोटी रोड

बरं. हे जर बी.एस्सी.त करत असतील तर माझा विरोध नाही. पण माझी अट राहते: प्रोजेक्टला मार्क द्यायचे तर पोरीच्या हातची वही बघून द्या, बायंडिंग बघून नाही. आणि ऑटोक्लेव्ह पोरीच लावतील, अटेंडर नाही. तेवढं कुठल्या कॉलेजात होतंय ते नावानिशी सांगा. नाही सांगता आलं तर माझी पोस्ट खरीच होती.

पाऊसबेडूक

नावानिशी सांगता येणार नाही, तेवढं मान्य. म्हणूनच मागायला पाहिजे ना! शाळेच्या छपराचे पैसे ग्रामपंचायतीत भांडून आणतो, मग कॉलेजच्या समितीत याचं कुणी का विचारत नाही?

देसूरचा उंबर

निपाणीच्या ताई, विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप आहे, दोन महिने. देशातल्या एखाद्या लॅबमध्ये जाता येतं, राहायचा खर्च भागतो. अर्ज दर वर्षी निघतात. तुम्हाला ओळखणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं.

निपाणी_बायो

तेच तर म्हणतेय. ओळखणारे सर राहतातच कुठं?

जुने_प्राणिशास्त्र

निवृत्त माणसाचं पत्र चालतं काय ते विचारून बघ बाळ. चालत असेल तर मी देतो. पण आधी तुझं जर्नल घेऊन ये, टिळकवाडीत राहतो मी. न बघता सही करत नाही.

निपाणी_बायो

सर, जर्नल सीनिअरचं बघून उतरवलेलं आहे. ते नको, अळ्यांची वही आणते. रविवारी चालेल?