मदत हवी आहे: वीजवापर न वाढवता माइक प्रीअँपमधली हिस् (सततचा फसफसता आवाज) कशी कमी करावी?

नमस्कार.

मी पुण्यात राहतो. मुळशी तालुक्यातल्या एका मित्राच्या शेतावर रात्रीचे आवाज, म्हणजे मुख्यतः रातवा, पिंगळा आणि पावसाळ्यातले बेडूक, ध्वनिमुद्रित करण्याचा उद्योग मी गेली दोन वर्षे करत आहे. रेकॉर्डर पॉवरबँकेवर चालतो. माइक आणि रेकॉर्डर यांच्यामध्ये मी स्वतः बांधलेला प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) मात्र ९ व्होल्टच्या एका अल्कलाइन बॅटरीवर आहे आणि तो आठवडाभर, म्हणजे १६८ तास, कोणीही हात न लावता चालायला हवा. अशा बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर मला जेमतेम ३ मिलिअँपिअर खर्च करता येतात. मोठी बॅटरी लावण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण आंब्याच्या फांदीला बांधलेल्या त्या डब्यात आता जागाच उरलेली नाही. पॉवरबँकेतून वीज घेऊनही पाहिली, पण तिच्या कन्व्हर्टरची शिट्टी मुद्रणात उतरते.

आधी मी इलेक्ट्रेट कॅप्सूल वापरत होतो. पहिल्याच पावसाळ्यात दमट हवेने ती तडतडू लागली, म्हणून २०० ओहमच्या डायनॅमिक माइककडे वळलो. ओलाव्याचे त्याला काहीच वाटत नाही, परंतु त्याची संवेदनशीलता पास्कलला सुमारे २ मिलिव्होल्ट एवढीच आहे. शांत रात्री ३४ डेसिबलचा आवाज माइकवर पोचला, तर हाती येतात फक्त २ मायक्रोव्होल्ट.

सध्या प्रीअँपमध्ये टीएल०७२ हा दोन अँप असलेला आयसी वापरतो. त्याचे दोन्ही अँप मिळून २.८ मिलिअँपिअर घेतात, म्हणजे हिशोबात कसेबसे बसतात. मात्र त्याचा स्वतःचा नॉइज, म्हणजे हिशीचे मूळ, रूट हर्ट्झला १८ नॅनोव्होल्ट आहे. २० किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात तो सुमारे अडीच मायक्रोव्होल्ट भरतो. रातवा हिशीच्या खाली का बुडतो, हे यावरून कळलेच. एनई५५३२ या दुसऱ्या आयसीने नॉइज ५ नॅनोव्होल्टवर येईल, पण तो ८ मिलिअँपिअर पितो आणि बॅटरी अडीच दिवसांत मान टाकते.

वीज न वाढवता दोन गोष्टी केल्या. फीडबॅकमधले, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ठरवणारे, १० किलोओहम आणि १ मेगओहमचे रेझिस्टर काढून २२० ओहम आणि २२ किलोओहम बसवले. गेन तोच राहिला आणि १० किलोओहमच्या स्वतःच्या उष्णतेमुळे येणारा सुमारे १३ नॅनोव्होल्टचा नॉइज गेला. एवढा खटाटोप करून फरक दोन डेसिबलहूनही कमी पडला, कारण मोठा वाटा खुद्द आयसीचाच होता. दुसरे म्हणजे पट्टा ८ किलोहर्ट्झवर कापला. त्याने आणखी ४ डेसिबल मिळाले आणि माझ्या पाखरांचे काहीही बिघडले नाही.

आता पुढे दोन वाटा दिसतात. एक, आयसीच्या आधी बीसी५४९सी हा एकच ट्रान्झिस्टर अर्ध्या मिलिअँपिअरवर चालवणे. दुसरी, १:१० चा माइक ट्रान्सफॉर्मर लावणे, ज्याला वीज लागतच नाही. यांपैकी कोणती निवडावी? बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानांत विचारले, तेव्हा पुढ्यात आले ते जुन्या रेडिओचे ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर. त्यांचा उपयोग होईल का?

प्रतिसाद:

ते ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर घेऊ नयेत. ते या कामासाठी गुंडाळलेले नसतात आणि त्यांना शील्डही नसते. माझे मत खऱ्या माइक ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने आहे. १:१० मध्ये सिग्नल दहापट होतो आणि माइकचे २०० ओहम आयसीला २० किलोओहम दिसतात. तिथे तुमचा टीएल०७२ काढून टीएल०६२ बसवलात, तरी त्याचे ४२ नॅनोव्होल्ट माइकच्या बाजूने मोजले असता ४.२ च उरतात. दोन्ही अँप मिळून खर्च ०.४ मिलिअँपिअर! शिवाय त्याचे इनपुट जेफेटचे (जवळपास करंट न घेणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) असल्यामुळे २० किलोओहमवर करंट नॉइजची चिंता नाही. एनई५५३२ त्याच जागी नॉइजमध्ये चालला असता, पण वीजवापरात नडला असता. ट्रान्झिस्टरही नॉइजमध्ये उत्तमच ठरेल, पण आठवडाभर उतरणाऱ्या बॅटरीवर त्याचा बायस (ठरवून दिलेला स्थिर करंट) जपत बसावे लागेल.

खर्च करण्याआधी एक चाचणी करा. माइक काढून इनपुट आधी शॉर्ट करा, मग तिथे २०० ओहमचा रेझिस्टर लावा आणि हेडफोनवर ऐका. प्रीअँप चांगला असेल, तर रेझिस्टर लावताच हिस् स्पष्ट वाढते.

धागाकर्ता:

मनापासून आभार. काल रात्री अकरानंतर, शेजारचा टीव्ही बंद झाल्यावर, चाचणी केली. शॉर्ट असताना आणि रेझिस्टर लावल्यावर हिशीत मला काडीचाही फरक ऐकू आला नाही, म्हणजे दोष सर्वस्वी माझ्या प्रीअँपचा आहे. म्यूमेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) डबीतला एक १:१० माइक ट्रान्सफॉर्मर परिचितांकडून आठवड्यासाठी उसना मिळाला आहे. टेबलावर जोडला, तर घरातल्या इन्व्हर्टरजवळ ५० हर्ट्झचे हमिंग येते, मात्र ट्रान्सफॉर्मर हातात धरून आडवा फिरवला की एका कोनात ते जवळपास नाहीसे होते. शेतावरच्या पंपाची लाइन आंब्यापासून तीसेक मीटरवर आहे. एवढ्या अंतरावर हा कोन सांभाळणे पुरेल, की बाहेरून लोखंडी डबाही लागेल?