जेजुरीच्या भंडाऱ्यासाठी लेन्सवर कोणता फिल्टर? आणि अडकलेला फिल्टर काढायचा कसा?

दिवटी
येत्या सोमवतीला जेजुरी गडावर पालखीचे फोटो काढायचे आहेत. कॅमेरा निकॉनचा डीएक्स (लहान सेन्सरचा). लेन्स दोन : १८-१४० (फिल्टर ६७ मिमी) आणि ३५ मिमी एफ/१.८ (५२ मिमी). १८-१४० वर एक साधा यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर आहे, त्याच्या कडेवर मापाशिवाय काही लिहिलेलं नाही. प्रश्न असे :

१. रात्री दीपमाळेचे फोटो काढले की आभाळात हिरवट ठिपके येतात. फिल्टरमुळे की लेन्समुळे?
२. म्हणून फिल्टर काढायला गेलो तर तो हलतच नाही. पकडीने फिरवला तर चालेल का?
३. भंडाऱ्यात लेन्स वाचवायला यूव्हीच घ्यावा की दुसरं काही?

संधिप्रकाश
पकड अजिबात लावू नका! बाकीचं वाचायच्या आधी ती खाली ठेवा.

फिल्टर अडकतो तो बहुतेक वेळा काढताना चिमटीत धरल्यामुळे. दोन बाजूंनी दाबलं की पातळ कडी किंचित लंबगोल होते आणि आट्यांत आणखी घट्ट बसते. जोर जितका जास्त, तितकी ती जास्त आवळते. जोर सगळ्या घेरावर सारखा पडला पाहिजे.

आधी झूम १८ वर आणा आणि लेन्स कॅमेऱ्यावरून काढून मागचं झाकण लावा. टेबलावर सपाट रबर ठेवा, माउसपॅड उलटा केला तरी चालेल. लेन्स तोंड खाली करून त्यावर ठेवा. हात लेन्सच्या अगदी पुढच्या कडीजवळ धरा, मागे धरलात तर सगळा पीळ झूमच्या नळीवर येतो. हलका दाब देऊन, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. दाब हलकाच ठेवा, फार दाबलं तर आटेच एकमेकांवर घासतात.

नाहीच निघाला तर भांडी घासायचे रबरी मोजे घाला आणि कडीला पाचही बोटांनी सगळीकडून धरा. किंवा रुंद रबरबँड कडीभोवती ताणून बसवा. त्यापुढचा उपाय म्हणजे फिल्टर रेंच, कडीभोवती बसणाऱ्या प्लास्टिकच्या दोन चापांची जोडी, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते. त्यात ६७ चं माप बसतंय ना ते बघून घ्या.

फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. तेलाचा थेंबही नको, तो आट्यांतून काचेवर उतरतो.

कातळवाट
ठिपक्यांचं : दिव्यापासून फोटोच्या मध्यबिंदूपर्यंत एक रेघ कल्पनेने ओढा आणि तेवढीच पुढे न्या. ठिपका बरोबर तिथे, समोरच्या बाजूला उलटा उमटलेला असेल तर दोष फिल्टरचाच. सेन्सरवरून परतलेला थोडा प्रकाश लेन्समधून उलटा बाहेर येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत जातो. काच सपाट असल्याने दिव्याची जवळजवळ रेखीव प्रत उमटते. दीपमाळेत दिवे अनेक, त्यामुळे उलटी दीपमाळच दिसत असणार. लेन्सचा स्वतःचा फ्लेअर (लेन्सच्या आतल्या परावर्तनाचा डाग) असा रेखीव नसतो, तो पसरट किंवा बहुकोनी डाग असतो.

फिल्टर निघाला की ट्यूबलाइटखाली तिरका धरून ट्यूबचं प्रतिबिंब बघा. लख्ख पांढरं दिसलं तर काचेला कोटिंग (परावर्तन कमी करणारा लेप) नाही. मल्टिकोटेड (अनेक लेपांच्या) काचेत तीच ट्यूब मंद हिरवी किंवा जांभळी दिसते. एक प्रतिबिंब पांढरं आणि एक रंगीत दिसलं तर एकाच बाजूला कोटिंग केलंय. साधी काच प्रत्येक पृष्ठाला सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के. चांगल्या मल्टिकोटिंगने ते पृष्ठामागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. तरी रात्री, चौकटीत दिवे असताना, कितीही महागडा फिल्टर असला तरी तो काढूनच ठेवायचा.

घाटमाथा
मी म्हणतो फिल्टर लावूच नका, हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारा प्लास्टिकचा कठडा) लावा. यूव्हीचा उपयोग फिल्मला होता, कारण फिल्मवर अतिनील किरणांनी लांबचे डोंगर निळसर धुरकट येत. डिजिटल सेन्सरच्या पुढे तो प्रकाश अडवणारी काच आधीच असते. राहिला धक्का. फिल्टरची काच एक-दोन मिलिमीटरची, लेन्सची पुढची काच तिच्यापेक्षा कितीतरी जाड. खोबऱ्याच्या तुकड्याने लेन्सला काही होणार नाही. फिल्टर फुटला तर मात्र त्याच्या चुऱ्यानेच लेन्सवर ओरखडे पडतात. १८-१४० ला एचबी-३२ हूड बसतो.

कातळवाट
धक्क्यापुरतं घाटमाथा म्हणतात ते पटतं. भंडारा म्हणजे धक्का नव्हे, बारीक पूड. दिवसभरात काच पाच-सहा वेळा पुसावी लागते आणि गर्दीत कुणी नीट पुसत नाही, सदऱ्याच्या टोकाने पुसतो. ते घासणं लेन्सच्या कोटिंगवर होण्यापेक्षा फिल्टरवर झालेलं बरं. शिवाय फिल्टर घरी नळाखाली धुता येतो, लेन्स नाही. समुद्रावरच्या खाऱ्या तुषारांनाही हाच न्याय.

तेव्हा प्रश्न ३ : यूव्ही नको, दोन्ही बाजूंनी मल्टिकोटेड साधा पारदर्शक घ्या. निर्माते त्याला ‘क्लिअर’ किंवा ‘प्रोटेक्टर’ म्हणतात. पितळी कडी मिळाली तर उत्तम, ती अॅल्युमिनियमपेक्षा कमी अडकते. दोन-तीनशे रुपयांतली साधी काच १४० मिमीला फोटोचा रेखीवपणाही खाते. फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) वाढेल तसा काचेच्या सपाटपणातला दोष जास्त जाणवतो. आणि एकावर एक दोन फिल्टर चढवू नका.

संधिप्रकाश
फिल्टरवर एवढी चर्चा झाली, पण जेजुरीत खरी गळती दुसरीकडे आहे. १८-१४० झूम केली की नळी बाहेर येते आणि आत हवा ओढते. त्या हवेत भंडारा. पुढे कितीही भारी फिल्टर असू द्या, पूड नळीच्या फटीतून आत जाते. ती काढायला लेन्स उघडावी लागते, आणि ते सर्व्हिस सेंटरचं काम.

म्हणून उधळण चालू असताना ३५ मिमी लावा. तिचं फोकसिंग मागच्या भागात होतं, लांबी बदलत नाही, माउंटला (कॅमेऱ्याला जोडते त्या बाजूला) रबरी कडाही आहे. तिच्यासाठी ५२ चा फिल्टर आधी घ्या. १८-१४० वापरायचीच असेल तर एक फोकल लेंग्थ ठरवा, म्हणजे ३५ किंवा ५०, आणि झूमची कडी पेपर टेपने चिकटवून टाका. नळीच्या फटीवरही टेपचा एक फेरा द्या.

वरून प्लास्टिकची पिशवी : तळाला हूडच्या मापाचं भोक, हूडवर रबरबँडने घट्ट, मागून हात आत. फिल्टर उघडा राहिला पाहिजे. पिशवीचं प्लास्टिक काचेपुढे आलं तर फोटो धुरकट येतात. गडावर लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाहीच. खाली उतरून, आडोशाला, आधी बॉडी मऊ ब्रशने झाडून मग.

दिवटी
मनापासून आभार. माउसपॅडने दुसऱ्याच फेऱ्याला फिल्टर सुटला. ट्यूबचं प्रतिबिंब लख्ख पांढरं, दोन्ही बाजूंनी. आता लेन्सच्या आट्यांत पिवळी पूड दिसतेय, मागच्या खेपेची असणार. ओल्या फडक्याने पुसू का? हूडही पिवळा पडलाय.

कातळवाट
फिल्टर त्यानेच धरला होता तर! पाणी नको. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पुडीचा लगदा होऊन आट्यांत थापला जातो. तो अल्कोहोलमध्ये विरघळतो.

क्रम महत्त्वाचा. लेन्स तोंड खाली धरून ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग कोरड्या मऊ ब्रशने, नवा मऊ टूथब्रश चालेल, आट्यांच्या दिशेने गोल झाडा. पुन्हा ब्लोअर. कोरडं जेवढं निघेल तेवढं निघाल्यावरच आयसोप्रोपिल अल्कोहोल : दातकोरणीला मायक्रोफायबरचं टोक गुंडाळा, ते नुसतं ओलसर करा आणि आट्यांवरून फिरवा. बाटलीतून लेन्सवर थेंब टाकू नका, काच आणि कडी यांच्या सांध्यातून तो आत ओढला जातो. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, त्यातल्या अॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं आणि या वर्गातल्या लेन्सचे आटे प्लास्टिकचेच असतात.

नवा फिल्टर बसवताना आधी उलटा फिरवा. आटे जुळले की बारीक ‘टक’ जाणवतं, मग सुलटा. शेवटचा आवळा देऊ नका, टेकला की थांबा.

संधिप्रकाश
फिल्टरच्या आट्यांवर ६बी पेन्सिल एकदा फिरवून जादा पूड पुसून टाका, ग्रॅफाइटमुळे पुढच्या वेळी सहज सुटेल.

हूडचं सोपं आहे. हळदीचा रंग उन्हात उडतो. साबणाने धुऊन दोन दिवस गच्चीत ठेवा, बराच उतरेल. लेन्स मात्र उन्हात ठेवायची नाही. तिच्या रबरी पकडीवर पिवळं राहिलं असेल तर राहू द्या, फोटोत ते येत नाही.